सात घरचं तेल

एका गावाला वर्षाचं तेल निवडायची एक रीत होती. त्या रीतीत जिभेला, पोटाला आणि डोक्याला काहीच काम नव्हतं. सगळं काम दिव्याला होतं.

पाडव्याच्या सकाळी ज्याला ज्याला गावात तेल विकायचं असेल, त्यानं देवळात यायचं. प्रत्येकाला एकसारखी पणती, एकसारखी वात. देवळाचा गुरव मापानं तेल ओतायचा, दिवे लावायचा आणि प्रत्येक ज्योतीवर घासूनपुसून लख्ख केलेली तांब्याची ताटली धरायचा. ज्या दिव्याची ताटली कमी काळी होईल आणि जो दिवा जास्त वेळ तेवेल, त्याचं तेल देवाच्या समईला. मूळ रीत एवढीच होती. पुढे कधीतरी कुणीतरी म्हणालं, देवाला चालतं ते माणसाला का चालू नये? तेव्हापासून गावातल्या सगळ्या चुलींवरही तेच तेल चढायला लागलं.

यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण पिढ्यानपिढ्या दिवा एकच यायचा. गावात घाणा एकच होता. म्हातारी तेलीण बैल जुंपून करडई गाळायची, पाडव्याला मापटंभर तेल देवळात आणायची. दिवा लागायचा, गुरव पायरीवर उभा राहून "हेच तेल" म्हणायचा आणि लोक गूळखोबरं खाऊन घरी जायचे. शर्यतीत बैल एकच असला की तोच पहिला येतो. गावाला मात्र वाटायचं, आपली परीक्षा फार कडक आहे.

गुरव माणूस सरळ होता. त्यानं कधी माप मारलं नव्हतं, देवापुढचा नारळ कधी लपवून घरी नेला नव्हता. "गुरवानं सांगितलंय" म्हटलं की आसपासच्या दहा गावांत वाद मिटायचा. त्याची बायको लेक लहान असतानाच गेली होती. लेकीला त्यानं एकट्यानं वाढवलं असं लोक म्हणायचे. खरं तर ती शेजारच्या कुंभारणीचा पदर धरून वाढली. तिची वेणी कुंभारणीनं घातली, तिला भाकरी थापायला कुंभारणीनं शिकवलं आणि लग्नात तिच्यासाठी रडलीही कुंभारीणच.

एका पाडव्याला दुसरा दिवा आला.

नदीपलीकडचा एक व्यापारी पितळेच्या चकचकीत घागरी घेऊन देवळात उतरला. त्यानं वाटीत तेल ओतलं, त्यात तांदळाचा एक दाणा टाकला आणि वाटी लोकांत फिरवली. तळाचा दाणा स्वच्छ दिसत होता.

"करडईचंच आहे," तो म्हणाला. "पण आमच्याकडे सात वेळा गाळतात. वास नाही, गाळ नाही, फेस नाही. आणि दर निम्मा."

तेलिणीनं वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"करडईला करडईचा वास असतो, शेट. याचा कुठं गेला?"

"गाळताना गेला, आजी."

"तो गेला. त्याच्या जागी काय आलं?"

लोक हसले. सुतार म्हणाला, "म्हातारे, इतकी वर्षं एकटीच पळत होतीस. आज जोडीला कुणी आलं तर लगेच धाप लागली?"

"अरे हसा," तेलीण म्हणाली. "दिव्याला पोट नसतं. दिव्याला जुलाब होत नाहीत. त्याला विचारून तुम्ही जेवणार?"

पाटील आतापर्यंत खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तेलीणबाई, रीत ती रीत. इतकी वर्षं तुझा दिवा जिंकत होता, तेव्हा त्याला पोट होतं का?"

तेलिणीनं आपली पणती पुढे सरकवली. चुकीची रीत आपल्या फायद्याची असते तोवर ती चुकीची आहे हे आपणही कुणाला सांगत नाही.

दोन्ही दिवे लागले. तेलिणीच्या तेलात गाळ होता, तिची वात चरचरली, ताटलीवर काजळीचा डाग पडला. व्यापाऱ्याचा दिवा निवांत तेवत राहिला, दुपार टळून गेल्यावरही. गुरवानं दोन्ही ताटल्या लोकांना दाखवल्या, पायरीवर उभा राहिला आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. "हेच तेल."

व्यापाऱ्यानं देवाला नमस्कार केला आणि वर्षभर समईचं तेल फुकट देण्याचं कबूल केलं.

गावात आनंद झाला. स्वस्त तेल आलं की हात सैल सुटतो. ज्या घरात पळीभर तेलात चार माणसांची भाजी व्हायची, तिथं भाजीवर बोटभर तवंग यायला लागला. सणाची भजी आठवड्याच्या बाजारादिवशी व्हायला लागली, मग रोज. कढईत उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "काळं होत नाही बघ लवकर," बायका एकमेकींना कौतुकानं सांगायच्या. तेलिणीचा घाणा थांबला, स्वतःपुरतं तेवढं ती गाळायची. ती घरोघर जाऊन म्हणायची, "बी बघितल्याशिवाय तेल घेऊ नका गं." बायका म्हणायच्या, "जळते मेली." आणि तिला ताक द्यायच्या.

वैशाखात गुरवाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना लागला होता.

त्या गावात आणखी एक रीत होती आणि ती मात्र चांगली होती. आई नसलेली पहिलटकरीण माहेरी आली की गावातल्या सात घरांनी तिची आई व्हायचं. आठवड्याचा एकेक वार एकेका घरानं वाटून घ्यायचा. त्या दिवशी दुपारी तिनं त्या घरी जेवायचं, तिला जे खावंसं वाटेल ते त्या घरानं करायचं. नको म्हणायची सोय नव्हती. ज्या घरचा वार चुकला त्या घराला अपशकुन मानत.

कुंभारणीनं पहिला वार घेतला. बाकीचे सहा वार मिळावेत म्हणून बायकांत भांडणं झाली.

"आबा, मला वाटतं मी बाळंत होईपर्यंत दारातून आत मावणार नाही," लेक हसत म्हणाली. "काल साळणीकडं वडे, आज कुंभारीण मावशीकडं तळलेल्या कुरडया."

गुरव तिच्याकडे बघत राहिला. ती तिच्या आईसारखी हसायची. त्याच्याजवळ जगात तेवढंच उरलं होतं.

समईचं तेल संपत आलं, तेव्हा गुरव नदी ओलांडून व्यापाऱ्याच्या घाण्यावर गेला. एरवी व्यापाऱ्याचा माणूस तेल पोचवायचा, या वेळी आला नव्हता. व्यापारी बाहेर गेला होता, म्हणून गुरव मागच्या अंगणात बसला.

अंगणात बियांचे दोन ढीग होते. एक पांढऱ्या करडईचा, गुडघ्याएवढा. दुसरा छातीएवढा, बारीक काळ्या गोल दाण्यांचा, मोहरीसारखा दिसणारा. त्याच्या बाजूला बायका हाताला चिंध्या गुंडाळून काटेरी वाळकी बोंडं फोडत होत्या.

गुरवानं एक बोंड उचललं. तो ते झाड चांगलं ओळखत होता. पिवळा धोत्रा. देवळामागच्या उकिरड्यावर दरवर्षी माजायचा आणि दरवर्षी तोच तो उपटायचा. पिवळं फूल, काटेरी पान, मोडलं की पिवळा चीक. भुकेली शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही.

एक बाई टोपल्यानं काळे दाणे घाण्यात ओतत होती. पाच टोपल्या काळ्या, एक टोपली पांढरी.

"बाई, हे तेल कुठं जातं?"

"तुमच्याच गावाला की," ती म्हणाली. "आम्ही नाही खात बाबा."

एवढ्यात व्यापारी आला. गुरवाच्या हातातलं बोंड बघून तो दचकला नाही. त्यानं गुरवाला पाणी द्यायला सांगितलं.

"हे विष आहे, शेट," गुरव म्हणाला.

"दिव्याला उत्तम. माझे आजोबा हेच जाळायचे."

"लोक खातायत ते!"

"मी खा म्हटलं? मी तुमच्या देवळात दिव्याच्या परीक्षेला तेल आणलं. दिवा कसा जळाला ते तुम्हीच सांगितलंत. ते जेवायचं हे तुमच्या गावानं ठरवलं."

"करडई म्हणून विकलंत तुम्ही."

"करडई आहे की त्यात. बघा, तो ढीग कशाचा?"

गुरवानं बोंड खाली टाकलं. "मी गावाला सांगणार आहे."

"सांगा." व्यापारी त्याच्या समोर बसला, जवळच्या माणसाशी बोलावं तसा. "काय सांगाल? देवाच्या पायरीवरून बोललो ते चुकलं म्हणाल? मग लोक विचारतील, मागच्या वर्षीचं? तुमच्या वडिलांनी सांगितलेलं? गुरवबुवा, मी परगावचा माणूस. इथं नाही तर दुसरीकडे घागरी मांडीन. तुमचं काय? दहा गावांत तुमचा शब्द चालतो. तो एकदा मोडला की तुमच्याजवळ एक घंटा आणि एक झाडू उरेल."

मग त्यानं स्वतःच्या हातानं समईच्या तेलाचा डबा भरला आणि गुरवाच्या हातात दिला. आणि गुरवानं तो घेतला. तिथंच डबा उलटा करून यायला हवं होतं. त्यानं तो नीट झाकण लावून, सांडू न देता, नदी ओलांडून घरी आणला.

गावात शिरताना त्यानं ठरवलं होतं, आधी पाटलांकडे जायचं. पण पाटलांकडे पाहुणे बसले होते. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं? मग देवळात गेला, तर तिथं दोन म्हातारे बसलेले. "या गुरव, तुमच्याच सरळपणाचं बोलणं चाललंय," ते म्हणाले. गुरव समई पुसायला लागला.

त्यानं घरातलं तेल मात्र त्याच दिवशी ओतून दिलं. परसात खड्डा करून, कुणी बघणार नाही असं. मग तो तेलिणीकडे गेला.

"घरापुरतं तेल दे," तो म्हणाला.

तेलिणीनं हातातलं मापटं खाली ठेवलं. "देवाला एक आणि घराला एक? काय पाहून आलास, गुरवा?"

"काही नाही. लेकीला त्या तेलाचा वास सोसत नाही."

"ज्याला वासच नाही त्याचा वास सोसत नाही?"

गुरवानं भांडं पुढे केलं.

"हे बघ," तेलीण म्हणाली, "मी बोलते तर म्हणतात, धंदा बसला म्हणून जळते. मी खरं बोलून उपयोग नाही. तुझ्या तोंडाला वजन आहे. तू एकदा म्हणालास ना, तर उद्या एका चुलीवर ते तेल राहणार नाही. काय असेल ते बोलून टाक."

"बोलेन. वेळ बघून बोलेन."

"तोवर गाव काय खाईल?"

तो तेल घेऊन गेला. तेलीण त्या संध्याकाळी पुन्हा चार घरी फिरली. "गुरवसुद्धा माझं तेल नेतो," ती म्हणाली. बायकांनी गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, "म्हातारीचं पोट चालावं म्हणून घेतो थोडं." बायकांचे डोळे भरून आले. गुरव किती दयाळू! त्याचा मान आणखी वाढला.

आता फक्त लेकीला सात घरी जाण्यापासून थांबवायचं होतं.

"उद्यापासून घरीच जेवत जा," तो तिला म्हणाला.

"का हो आबा?"

"ऊन फार आहे."

"मावशीचं घर चार पावलांवर आहे. ऊन लागायच्या आत पोचते." ती हसली. मग जरा गंभीर झाली. "रीत मोडली तर त्या सातही जणींना बोल लागेल. काहीतरी कारण सांगा ना. कारण असेल तर मी कुठंच जाणार नाही."

कारण त्याच्या ओठांवर आलं. पण लेकीला सांगितलं की ते कुंभारणीला कळणार, कुंभारणीला कळलं की पाणवठ्यावर कळणार, आणि मग लोक पहिला प्रश्न व्यापाऱ्यानं सांगितलेलाच विचारणार: मागच्या वर्षीचं काय?

"काही नाही," तो म्हणाला. "जा तू."

तरी त्याला राहवेना. कुंभारणीच्या वाराला तो लेकीच्या मागोमाग तिच्या दारात जाऊन उभा राहिला. आत कढई चढली होती. कुंभारीण पुऱ्या लाटत होती आणि लेक पाटावर पाय पसरून बसली होती.

"कुंभारीणबाई, तिला तळलेलं नको," गुरव म्हणाला. "पित्त होतं."

"अगं बाई!" कुंभारणीनं लाटणं थांबवलं. "बापांना कधीपासून डोहाळे कळायला लागले? पोर पुऱ्या मागते, मी पुऱ्या करते."

"मावशी, आबांना हल्ली फार काळजी वाटते माझी," लेक म्हणाली. "घरी तर त्या तेलीण आजीचं वासाचं तेल आणलंय. तिचं पोट चालावं म्हणून आम्ही नाक धरून जेवायचं."

दोघी हसल्या.

"काळजी करू नका, गुरवदादा," कुंभारीण म्हणाली. "इथलं तेल तुमच्या देवानं निवडलंय. तुम्हीच निवडलंय. नाहीतर मी या पोरीला असंतसं खाऊ घालीन का? हिच्या आईला तिकडं जाऊन तोंड दाखवायचंय मला."

पुरी फुगली. कुंभारणीनं ती निथळली, फुंकर घातली, तुकडा मोडला आणि लेकीच्या तोंडात भरवला.

गुरव दारात उभा होता. दारापासून पाट पाच पावलांवर होता. "थांब" एवढा एकच शब्द लागला असता. तो माघारी फिरला.

त्यानंतर गावात पाय सुजायला लागले.

आधी सुताराचे सुजले. वहाण चढेना. मग साळणीच्या सासूचे, मग पाटलांच्या भावाचे. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो बराच वेळ भरायचा नाही. पोट बिघडायचं, अंगाची आग व्हायची, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. काही म्हाताऱ्यांना नजर अंधूक झाल्यावर समईभोवती रंगीत कडी दिसायला लागली. लोकांनी नमस्कार केले. देव प्रसन्न झाला म्हणाले. त्यातले दोघे पंधरा दिवसांत पूर्ण आंधळे झाले.

वैद्यानं नाड्या बघितल्या आणि सांगितलं, विहिरीचं पाणी बाधलं. सगळं गाव विहीर उपसायला लागलं. गुरवही गेला. कमरेएवढ्या चिखलात उभा राहून त्यानं दिवसभर गाळाच्या बादल्या वर दिल्या. ज्याला खरं ठाऊक होतं, तोच सगळ्यांत जास्त राबला. काठावरचे लोक म्हणत होते, माणूस असावा तर असा.

विहीर स्वच्छ झाली. त्या आठवड्यात सुतार गेला. मग साळणीची सासू. मग तीन वर्षांचं एक पोर. प्रत्येक तेराव्याला जेवण झालं आणि जेवणात वडे होते.

गुरव रोज संध्याकाळी घरच्या तेलात भाजी करायचा, लेकीला आग्रहानं वाढायचा आणि स्वतःला सांगायचा, निम्मं तरी चांगलं जातंय तिच्या पोटात. एके दिवशी पाणी भरताना लेकीनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, जोडवी रुतायला लागलीत." त्यानं वाकून बघितलं. बोटं फुगली होती. त्यानं आपलं बोट तिच्या घोट्यावर दाबलं. खळगा पडला. तो बघत राहिला. खळगा भरला नाही.

चौथ्या दिवशी ती कुंभारणीच्या घरी जेवता जेवता कोसळली. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. वैद्याला बोलावलं. अंगण माणसांनी भरलं.

वैद्यानं पाय दाबून बघितले आणि तो त्रासून म्हणाला, "विहीर उपसली, तरी कसं? ही खाते काय?"

"अहो, सगळं चांगलंचुंगलं," कुंभारीण रडत म्हणाली. "सात घरी जेवते. पुऱ्या, वडे, कुरडया, तिला आवडतं ते. मी माझ्या हातानं भरवते."

तेव्हा गुरव बोलला. उंबऱ्यावर बसून, मान खाली घालून, इतक्या हळू की वैद्यानं दोनदा विचारलं.

"तेल आहे. त्यात पिवळ्या धोत्र्याचं बी आहे. करडई नावाला आहे."

मग पाटलांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मी बघितलं. घाण्यावर."

"कधी?"

उत्तर लेकीनं दिलं. तिला बोलायला त्रास होत होता, तरी ती बोलली.

"घरातलं तेल बदललं तेव्हा. होय ना, आबा?"

त्याला सव्वा महिना झाला होता. सगळ्यांनी मनात हिशेब केला. सुतार, साळणीची सासू, ते पोर. प्रत्येकाचं माणूस त्या सव्वा महिन्यात गेलं होतं किंवा पडलं होतं.

कुंभारीण उठली. कुणाला वाटलं ती गुरवाला मारेल. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं आपला उजवा हात त्याच्या तोंडापुढे धरला.

"या हातानं भरवलं मी तिला," ती म्हणाली. "तू दारात उभा होतास."

लेकीनं तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांनी ती गेली. बाळ तिच्या पोटातच राहिलं. शेवटच्या दोन दिवसांत ती आबांशी बोलली नाही. रागावली होती, की श्वास पुरत नव्हता, हे गुरवाला कधीच कळलं नाही.

गावानं घरोघरचं तेल उकिरड्यावर ओतलं. तरुण पोरं काठ्या घेऊन नदीपलीकडे धावली, तर व्यापाऱ्याच्या अंगणात फक्त काटेरी बोंडांची टरफलं उडत होती. त्याला कुणी पकडलं नाही, कुणी शिक्षा केली नाही. त्या वर्षी गावात चौदा माणसं गेली आणि सहा आंधळी झाली.

मग लोक तेलिणीकडे गेले. तिनं कुणाला टोमणा मारला नाही. तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "आपापलं बी आणा. माझ्यासमोर चावून बघा, मी तुमच्यासमोर गाळते. करडई आणा, शेंगा आणा, तीळ आणा, जे तुमच्या शेतात येतं ते. पण बी बघून. आणि भाजीला पळीभर पुरे. तळण सणाला. एकदा काळं पडलेलं तेल पुन्हा चुलीवर ठेवलंत, तर मला बोल लावू नका." पाडव्याची परीक्षा बंद झाली.

गुरवाला गावानं हाकललं नाही. त्याच्याशी कुणी बोललं नाही, एवढंच. एक दिवस त्यानं देवळाची किल्ली पाटलांच्या ओट्यावर ठेवली आणि तो व्यापाऱ्याचा माग काढत निघाला. निदान पुढच्या गावाला तरी सांगावं, असं त्याला वाटलं.

तीन गावं मागं टाकल्यावर, चौथ्या गावाच्या चावडीसमोर त्याला त्या पितळी घागरी दिसल्या. व्यापारी तिथं नव्हता, जेवायला गेला होता. बाया तेलाच्या बरण्या भरून घेत होत्या.

"बायांनो, हे तेल घेऊ नका!" गुरव ओरडला. "यात विषारी बी आहे. माझी लेक गेली यानं."

बाया थांबल्या. एक म्हातारा पुढे आला.

"कोण रे तू?"

"नदीकाठच्या देवळाचा गुरव."

म्हाताऱ्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. अंगावर मळकं धोतर, वाढलेली दाढी, पायात वहाण नाही.

"त्या देवळाच्या गुरवानं तर हे तेल स्वतः निवडलंय," म्हातारा म्हणाला. "देवाच्या पायरीवर उभं राहून. आम्ही पाडव्यालाच चौकशी केली आहे. तो माणूस जन्मात खोटं बोलला नाही. त्याच्या शब्दावर तर घेतोय आम्ही."

"मीच तो. मी चुकलो होतो."

"तो चुकला असता तर तेव्हाच बोलला असता," म्हातारा म्हणाला. "असा माणूस महिनोन्‌महिने गप्प बसेल का? चल, नीघ इथून. दुसऱ्या तेल्यानं पाठवलंय तुला."

दोघांनी गुरवाचे दंड धरले आणि त्याला वेशीबाहेर नेऊन सोडलं. बायांनी उरलेल्या बरण्या भरल्या. चुलींची वेळ झाली होती.

तात्पर्य: तेल चकाकीवर आणि कुणाच्या शब्दावर घेऊ नये, त्याचं बी कोणतं आणि ते कुणी, कसं गाळलं, हे विचारून घ्यावं. आणि ते वाईट आहे हे कळल्यावर जो फक्त आपल्या घरची कढई बदलतो, तो शेजाऱ्याला विष वाढणाऱ्यांतलाच एक असतो.